पाण्याखालचा डोंगर

डिंभे धरणाच्या वर, ता. आंबेगाव
१२ सप्टेंबर २०२४

यशोधराताई यांना भागू चिमाजी लोहकरे याचा नमस्कार.

तुमी मला ओळखत न्हाई. मी गोरखचा बाप. तुमच्या बोटीवर खलाशी व्हता आन अडीच वर्षांपूर्वी फेब्रुवारीत समुद्रात गेला, तो गोरख.

तुमचा पत्ता तुमच्या वडलांनी दिला. जुन्नरच्या जुन्या बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान है. मी एसटीत ड्रायव्हर असताना खाकी शर्ट त्यांच्याकडंच शिवायचो. त्यांची पोरगी त्याच बोटीवर व्हती हे मला मागल्या महिन्यात कळलं. गोरख फोनवर सांगायचा, बोटीवर जुन्नरच्या एक ताई हैत, भेटल्या की आपल्या बोलीत बोलतात. नाव त्यानं सांगितलं न्हवतं.

फोन करीत न्हाई, कारण आमच्या खोऱ्यात रेंज धड नसते, आन घरात बोललो की सोनीबाई शेजारी येऊन उभी राहते. सोनीबाई म्हंजी माझी मंडळी. पत्र आलं तर ते पुन्हा वाचता येतं.

विचारायचं ते असं. आरतीचं, माझ्या धाकट्या पोरीचं लग्न ठरलंय. मुलगा ऋतिक, घोडेगावात मोबाईल दुरुस्त करतो, माणसं चांगली हैत. माझे थोरले भाऊ बाळासाहेब म्हणतात, घरातल्या गेलेल्या माणसाचा टाक देव्हाऱ्यात बसवल्याबिगर मांडव घालायचा न्हाई. आमच्यात तशी रीत है. चांदीचा पत्रा घ्यायचा, त्यावर माणूस कोरायचा आन देवात बसवायचा. सोनीबाई ऐकत न्हाई. ती म्हणते, कुठं गेला ते दाखवा, मंग टाक करा.

बोटीच्या कंपनीनं दाखला दिला, त्यावर जागेचे आकडे हैत. ते तिला दाखवून काय उपयोग. मी जन्मभर गाडी चालवली. अपघात झाला की कुठल्या वळणावर, कुठल्या दगडाजवळ ते सांगावं लागायचं. माझ्या पोराचं वळण मला सांगता येत न्हाई.

ती जागा कशी है, खाली काय है, तेवढं लिवा.

आपला
भागू लोहकरे


पणजी
२ ऑक्टोबर २०२४

भागूकाकांना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहायला बसले आणि उठले.

गोरखला मी चांगली ओळखत होते. जहाजावर आम्ही चाळीस-पन्नास माणसं, त्यात जुन्नर-आंबेगावचे आम्ही दोघंच. तो मला ताई म्हणायचा. जेवणात भात आला की म्हणायचा, "ताई, आमच्या खाचरातला तांदूळ एकदा खाऊन बघा, मंग याला भात म्हणणार न्हाई."

झालं ते असं. समुद्राच्या तळाशी आम्ही भूकंप टिपणारी यंत्रं ठेवली होती. काही महिन्यांनी ती परत घ्यायची असतात. जहाजावरून खूण पाठवली की यंत्र तळावरचं वजन सोडून देतं आणि तरंगत वर येतं. मग खलाशी लांब आकड्यानं ते धरतात आणि क्रेननं उचलतात. त्या सकाळी आकडा गोरखकडे होता. मी वरच्या डेकवर होते. समुद्र फार खवळलेला नव्हता, पण एक मोठी लाट बाजूनं आली, जहाज कललं आणि कठड्याच्या उघड्या दारातून तो बाहेर गेला. जहाज लगेच वळवलं. त्याचं तरंगायचं जॅकेट सापडलं. त्याचा पट्टा तुटलेला होता. जवळून जाणारं एक मालवाहू जहाजही शोधायला आलं. दोन दिवस शोधलं. तो सापडला नाही.

आता जागेविषयी. मुंबईच्या नैर्ऋत्येला, जवळजवळ दोन हजार किलोमीटरवर, भर समुद्रात ती आहे. तिथे एक प्रचंड डोंगररांग आहे. कार्ल्सबर्ग रांग म्हणतात तिला. आपल्या सह्याद्रीसारखाच काळा कातळ, कडे, दऱ्या, मधून लांबच लांब एक खोरं. त्या खोऱ्याच्या अलीकडच्या, म्हणजे आपल्या बाजूच्या उतारावर ती जागा येते. जुन्या नकाशावर मी पुन्हा पाहून घेतलं.

मी हल्ली पणजीतच, ऑफिसात काम करते. आणखी काही विचारायचं असलं तर जरूर लिहा. मावशींना नमस्कार सांगा.

आपली
यशोधरा खरात


२७ ऑक्टोबर २०२४

यशोधराताईंना नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. तुमी सगळं सरळ लिवलं, त्याबद्दल मी तुमचा आभारी है. पण इकडं एक घोटाळा झाला.

पत्र आरतीनं वाचलं. सोनीबाई तांदूळ निवडीत बसली व्हती. लाटेचं, जॅकेटचं ऐकताना ती मान वर करीना. डोंगररांगेचं आलं तशी म्हणली, "थांब. ते पुन्हा वाच."

आरतीनं पुन्हा वाचलं.

"कडे हैत म्हणली का ती?"

"हो."

"खोरं बी है?"

"है. पण आई, ते..."

"मंग तिथं माणसं असतील."

मी म्हणलो, अगं ते पाण्याखाली है. तर म्हणली, "पाण्याखाली कुटं लिवलंय? दाखव." आन ताई, तुमच्या पत्रात ते खरंच न्हाई. भर समुद्रात डोंगररांग है, एवढंच है. मी खूप सांगितलं. ती म्हणते, "तुमी एसटी चालवलीत, समुद्र कदी बघितलात? गोरख डिंभ्याच्या पाण्यात एका काठावरनं दुसऱ्या काठाला जायचा. डोंगर समोर दिसला तर तो पोहत जाईल."

टीव्हीवर तिनं कदी तरी बघितलंय, कुठल्याशा बेटावर कोळी माणसं वर्षभर जगली. ते तिच्या डोक्यात बसलंय.

तिनं गोरखचं घोंगडं धुऊन वाळत घातलं. ऋतिकच्या घरची माणसं आली, त्यांना तोंडावर सांगितलं, भाऊ येईस्तोवर लग्न न्हाई. ती माणसं चहा पिऊन गुमान गेली. काल त्यांचा निरोप आला, वैशाखापर्यंत थांबू, पुढं न्हाई. बाळासाहेब माझ्यावर डाफरतात की तू पत्र धाडलंसच कशाला.

माझं ती ऐकणार न्हाई. तुमी तिला लिवा. तिच्याच नावानं.

भागू


पणजी
९ नोव्हेंबर २०२४

सोनीमावशींना यशोधराचा नमस्कार.

मी लिहिलेल्या पत्रात एक गोष्ट राहून गेली. आम्ही रोज हेच काम करतो, त्यामुळे डोंगररांग म्हटलं की ती पाण्याखाली आहे हे आम्हाला वेगळं सांगावं लागत नाही. तुम्हाला ते सांगायला हवं होतं.

ते डोंगर पाण्याखाली आहेत, मावशी. सगळेच्या सगळे. त्यांतल्या उंच शिखरावर भीमाशंकराचा कडा एकावर एक दोनदा ठेवला तरी टोक पाण्याबाहेर यायचं नाही, इतकं वर पाणी आहे. मधलं खोरं तर त्याहून खोल. तिथे उजेड पोचत नाही. आम्हीही ते डोळ्यांनी पाहिलेले नाहीत. जहाजातून आवाज खाली सोडतो, तो तळाला लागून परत येतो, त्यावरून नकाशा काढतो. जवळपास कुठेही बेट नाही. सर्वांत जवळच्या किनाऱ्याला जायला जहाजालाही दोन-तीन दिवस लागतात.

गोरख उत्तम पोहायचा, त्यानं मला सांगितलं होतं. पण तिथे पोहत जायला काही नाही. तो गेला, मावशी. हे मी दाखल्यावरून सांगत नाही. मी तिथे होते, आणि शोधणाऱ्यांत होते.

काका म्हणाले होते, खाली काय आहे ते लिवा. तेही नीट सांगते.

त्या खोऱ्यात जमीन मधोमध फाटते आहे. एक बाजू आपल्याकडे येते, दुसरी आफ्रिकेकडे जाते. फार हळू, वर्षाला दोन-तीन बोटं. मधे फट पडली की खालून वितळलेला दगड वर येतो, थंड पाण्यानं थिजतो आणि त्याचा नवा कातळ होतो. जमिनीची ओढ मात्र थांबत नाही. मग तो नवा कातळही तडकतो आणि त्याचे लांबच लांब तुकडे एकाखाली एक खचत जातात. म्हणून त्या खोऱ्याच्या दोन्ही अंगांना पायऱ्या झाल्या आहेत. तुमच्याकडे डोंगरउतारावर भाताची खाचरं असतात ना, एकाखाली एक, तशा. फक्त एकेक बांध शेकडो पुरुष उंच. ते तुटताना जे धक्के बसतात, ते मोजायला आमची यंत्रं होती.

पाण्यात गेलेला माणूस नेमका कुठे टेकला, हे मात्र कोणीच सांगू शकणार नाही. मी सांगितलं तर ते खोटं असेल.

जानेवारीत जहाज पुन्हा त्याच भागात जाणार आहे. तळाचे दगड आणायचे आहेत, आणि त्या वेळी राहून गेलेली चार यंत्रं उचलायची आहेत. मी जाणाऱ्यांत नाव दिलं आहे. तिथलं काही पाहून यावं असं तुम्हाला वाटत असेल तर कळवा.

तुमची
यशोधरा


१५ डिसेंबर २०२४

यशोधराताईंना नमस्कार.

कळवायला उशीर झाला, भाताची झोडणी चालू व्हती.

तुमचं पत्र आरतीनं तिला वाचून दाखवलं. ती उठून खळ्यावर गेली. त्यानंतर पंधरा-वीस दिवस तिनं असं काम केलं की माणसं म्हणली, बाईला आवरा. भाताची एकेक पेंढी ती दगडावर झोडायची, दाणा उरलेला नसला तरी झोडायची. रडली न्हाई. मी बी अडवलं न्हाई.

शेवटचं पोतं शिवलं त्या दिवशी संध्याकाळी म्हणली, "त्या पोरीला दोन गोष्टी इचारा."

एक, ज्या बाजूला तो गेला ती बाजू आपल्याकडं येतीया का लांब चाललीया? मी तिला म्हणलो, ताईंनी पहिल्या पत्रात लिवलंय, आपल्या बाजूची है. मी असं समजलो की आपण आन तो एकाच गाडीत हाओत. गाडी चालली तरी दोन सीटमधलं अंतर तेवढंच राहतं. मी बरोबर समजलो का ते लिवा. तिला ते ऐकून जरा बरं वाटलं. मला बी वाटलं.

दुसरी, दगड आणणार असाल तर तिथला एक खडा आमाला मिळंल का? दहाव्याच्या विधीला खडा लागतो. माणूस त्याच्यात है असं धरून सगळं करायचं. गोरखचा दहावा झालेलाच न्हाई.

सरकारी दगड असतील, मिळत नसला तर राहू द्या. जपून जा.

भागू


पणजी
२ मार्च २०२५

भागूकाका आणि मावशींना नमस्कार.

आम्ही परवा परत आलो. जाण्यापूर्वी तुमच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण तोवर नक्की सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. आता आहे, पण ते तुम्हाला आवडेल असं नाही.

आधी पहिल्या प्रश्नाचं. काका, तुम्ही बरोबर समजलात. जमिनीची आपली बाजू आणि जुन्नर एकाच गाडीत आहेत. पण गोरखची जागा आपल्या बाजूला आहे, असं मी लिहिलं ते जुन्या नकाशावरून. तो नकाशा ढोबळ होता. या खेपेला आम्ही तो भाग बारकाईनं मोजला. चारांपैकी तीन यंत्रं वर आली, त्यांनी टिपलेले धक्केही पाहिले. तेव्हा कळलं की ते खोरं तिथे सरळ जात नाही. एक फट त्या जागेच्या अलीकडे संपते आणि दुसरी, थोडी बाजूला सरकून, पलीकडे सुरू होते. दोन्हींच्या मधे जो पट्टा आहे, त्याला दोन्हीकडून ओढ बसते. तिथल्या पायऱ्या सरळ नाहीत. पिळवटलेल्या आहेत, आडव्या-तिडव्या तुटलेल्या. गोरख गेला ती जागा त्या पट्ट्यावर येते.

म्हणजे ती जमीन आपल्याकडची नाही आणि पलीकडचीही नाही. पुढे कधी ती एका बाजूला जोडली जाईल, पण ते आपल्या हयातीतलं नाही. काकांना जे वाटून बरं वाटलं होतं, ते मला राहू देता आलं असतं. जहाजावर मी तसा विचारही केला. पण मावशींनी विचारलं होतं, आणि त्यांना एकदा अर्धवट लिहून काय झालं ते मी पाहिलं आहे.

आता खड्याचं. तळावरचे दगड काढायला लोखंडी तोंडाची साखळ्यांची पिशवी तारेनं खाली सोडतात आणि उतारावरून ओढत आणतात. पहिल्या वेळी ती खाली अडकली. तार इतकी ताणली की सगळ्यांना डेकवरून हटवलं. शेवटी पिशवी सुटून वर आली ती रिकामी. वेळ संपत आला होता, पुढच्या ठिकाणी निघायचं होतं. मोहिमेचे प्रमुख शांत माणूस आहेत, मी त्यांना गोरखचं आणि तुमच्या पत्राचं सांगितलं. ते म्हणाले, "त्या दिवशी मीपण होतो जहाजावर." मग त्यांनी आणखी एक फेरी करू दिली.

दुसऱ्या वेळी पिशवी भरून आली. मी कठड्याशी उभी होते. क्रेन चालवणाऱ्यानं सगळ्यांना मागे सरकायला सांगितलं, मी जरा जास्तच मागे सरकले.

तपासणीला लागणारे दगड ठेवून, फुटलेल्या तुकड्यांतला एक प्रमुखांनी रीतसर नोंद करून मला दिला. मुठीत मावेल एवढा आहे. दिसायला आपल्या घाटातल्या दगडासारखाच काळा. एका अंगाला काचेसारखी चकचकीत साल आहे. तापलेला दगड एकदम गार पाण्याला लागला की अशी साल धरते.

हा खडा नेमका त्या जागेचा नाही. त्याच पट्ट्यातला आहे, पण जागेपासून चार-पाच किलोमीटरवरचा. याहून जवळचा आणता आला नाही.

तो मी माझ्या वडलांकडे जुन्नरला पाठवला आहे. तुम्हाला सवड होईल तेव्हा दुकानातून घ्या.

तुमची
यशोधरा


२० एप्रिल २०२५

यशोधरा, पोरी, सोनीबाईचा आशीर्वाद. मी सांगतीया आन आरती लिवतीया. तिला म्हणलं, जसं बोलते तसंच लिव.

तुझं पत्र वाचलं त्या दिवशी आमचे हे लई हिरमुसले. एका गाडीत हाओत, एका गाडीत हाओत, असं येईल त्याला सांगत व्हते, आन तू ते मोडलंस. मी त्यांना म्हणलं, मोडलं तर मोडलं. पोरगी खरं लिवती, हे तरी समजलं. मधली जागा म्हंजी गावाची शिव. आपल्या शिवंवर म्हसोबा है, त्याला काय कोण टाकून दिलंय का? दोन्ही गावची माणसं नारळ फोडत्यात. गोरख तिथं है तर असू दे.

मंग आमी दोघं एसटीनं घोडेगाव, तिथनं जुन्नरला गेलो. तुझे वडील शर्टाला काजं करीत बसले व्हते. मला बघून उठले, आतनं खडा आणला. फडक्यात बांधला व्हता. मी फडकं तिथंच सोडलं. लई गार असंल असं मला वाटलं व्हतं. पण गार न्हवता. दुकानात ऊन येतं, त्यानं तापला व्हता. तो हातात घेतला आन मंग मला रडू आलं. अडीच वर्षं काय, तीन वर्षं आलं न्हवतं. तुझ्या आईनं मला आत नेऊन पाणी दिलं. लई वेळ बसू दिलं.

अमावास्येला घोड नदीवर दहावा केला. बाळासाहेब, भावकी, सगळी आली. ऋतिकच्या घरची बी आली, मी बोलावलं व्हतं. सगळं झाल्यावर बाळासाहेब म्हणले, आता खडा पाण्यात सोडा. रीत तशीच है. यांनी हात पुढं केला. मी म्हणलं, न्हाई द्यायची. एवढ्या खोल पाण्यातनं वर काढलाय, तो काय पुन्हा पाण्यात टाकायला? बाळासाहेब म्हणले, असं कुठं करत न्हाईत. मी म्हणलं, आपल्यात समुद्रात बी कोण गेलं न्हवतं. शेवटी हेच म्हणले, "घरी घेऊन चला."

चांदीचा टाक केला न्हाई. खडाच देवात बसवलाय. चकचकीत बाजू पुढं केलीया. बाळासाहेब दोन दिवस रुसले, तिसऱ्या दिवशी येऊन हळद-कुंकू वाहून गेले.

आरतीचं लग्न वैशाखात है. तुला पत्रिका येईलच.

आता माझं बोलणं दुसरंच है. तुझी आई त्या दिवशी मला आत घेऊन बसली, तवा तिनं सांगितलं. गोरख गेला तेव्हापासनं तू बोटीवर पाय ठेवला न्हवतास. वरच्या साहेबांनी तीनदा इचारलं आन तीनदा तू न्हाई म्हणलीस. लाटेचं स्वप्न पडतं म्हणून रजा घेतली व्हतीस. आन या साली आईला न सांगता गेलीस. पोचल्यावर बोटीवरनं कळवलंस. ती बाई दोन महिने देवाच्या फोटोपुढं न्हाई, बाबासाहेबांच्या न् बुद्धाच्या फोटोपुढं बसून व्हती. आमाला तू हे काहीच लिवलं न्हाईस. मी आपली खडा मागून मोकळी झाले.

आरती म्हणती, असं लिवू नको, ताईंना वाईट वाटंल. वाटू दे. तुझं काम है, तू पुन्हा जाशील, जायलाच पायजे. मी जाऊ नको म्हणत न्हाई. पण आईला सांगून जात जा. आईला न सांगितल्यानं तिची काळजी कमी व्हत न्हाई, फक्त ती एकटीनं करावी लागती.

आन मला बी कळव. निघालीस की एक पत्र टाक, आन बोटीवरनं उतरलीस की दुसरं. दुसऱ्याला उशीर करू नको.

तुझी
सोनीमावशी